लाकडी बाणाची पत्रिका धनुष्याशी कशी जुळवायची

माझ्या रिकर्व्हच्या (टोकं पुढे वळलेल्या धनुष्याच्या) खालच्या लिम्बवर, म्हणजे वाकणाऱ्या पात्यावर, आतल्या बाजूला, पेनने बारीक अक्षरात लिहिलंय: ४५ पाउंड @ २८ इंच, म्हणजे २८ इंच खेचलं की ४५ पाउंड जोर. तेवढं वाचून मी ४५-५० स्पाइनच्या (ताठपणाच्या, पुढे सांगतो) डझनभर सीडरच्या काड्या मागवल्या, एका वीकेंडला बसून सगळ्या साडेसत्तावीस इंचावर कापल्या, टोकं बसवली, पिसं चिकटवली, बायकोने कौतुकही केलं, आणि रेंजवर गेलो तर बाराच्या बारा बाण डावीकडे. एखाददुसरा नाही, बाराही. वर प्रत्येक बाण सुटताना धनुष्यावर टक्क असा आवाज. मला वाटलं आपलाच हात वाकडा, महिनाभर फॉर्म सुधारत बसलो. हात ठीक होता, बाण ताठ होते, माझ्या धनुष्याला वाकवता येणार नाहीत एवढे ताठ, आणि सगळे कापून बसलेलो असल्यामुळे ते लवचिक करायचा सगळ्यात सोपा उपाय, लांब ठेवायचा, तोही गेलेला.

तर तुम्ही ते करू नये म्हणून हे लिहितोय. लिम्बवरचा आकडा हा धनुष्याचा आहे, तुमचा नाही. बाण जुळवायचे ते तुम्ही जेवढं खेचता तेवढ्या धनुष्याशी.

आधी हे समजून घ्या की बाण सरळ जात नाही. पारंपरिक धनुष्यात बाण मधोमध नसतो, हँडलच्या कडेला टेकलेला असतो, पण दोरी तर त्याला मध्याकडे ढकलते. म्हणजे बाण हँडलमध्येच घुसायला पाहिजे. घुसत नाही, कारण सुटल्या सुटल्या तो वाकतो, हँडलला वळसा घालतो, मग उलट्या बाजूला वाकतो, असा मासळीसारखा वळवळत बाहेर पडतो आणि मग हळूहळू सरळ होतो. दादरच्या पुलावर संध्याकाळी समोरून गर्दी येत असताना आपण कसे अंग चोरून, खांदा फिरवून निघतो, तसंच. १९३० च्या दशकात क्लॅरन्स हिकमन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हाय-स्पीड कॅमेऱ्याने हे सगळं टिपलं, तोवर लोक नुसता वाद घालत होते.

आता ह्यात बाण जर फार ताठ असेल तर तो पुरेसा वाकत नाही, हँडलला घासतो आणि उजव्या हाताने खेचणाऱ्याचा डावीकडे जातो. फार लवचिक असेल तर जास्त वळसा घालून उजवीकडे जातो. डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचायचं, इथून पुढे प्रत्येक ठिकाणी. ह्या ताठपणालाच स्पाइन म्हणतात. लाकडी बाणात स्पाइन पाउंडात सांगतात, आकडा मोठा तेवढा बाण ताठ. कार्बनच्या बाणात बरोबर उलटं असतं, तिथे ५०० पेक्षा ६०० जास्त लवचिक, कारण तो आकडा बाण किती वाकला त्याचा असतो. कार्बन वापरणारे मित्र सल्ला द्यायला लागले की हे डोक्यात ठेवा, नाहीतर गोंधळ होतो.

पहिलं काम, स्वतःचा ड्रॉ, म्हणजे आपण किती इंच खेचतो ते, मोजणे. एक जास्त लांबीचा बाण घ्या, त्यावर इंचाच्या खुणा करा, चांगलं वॉर्मअप करून नेहमीसारखं खेचा, अँकर करा, म्हणजे खेचणारा हात चेहऱ्याशी नेहमीच्या जागी टेकवा, आणि दुसऱ्या कुणालातरी धनुष्याच्या पुढच्या बाजूला, म्हणजे टार्गेटकडच्या पाठीला, बाणावर पेनने खूण करायला सांगा. खूण करणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, पुढे अजिबात नाही, आणि समोर टार्गेट असलंच पाहिजे, कारण हात सुटू शकतो. हे तीन-चार वेळा करा. पहिल्यांदा आपण छाती काढून शायनिंग मारत खेचतो, ती मोजणी खोटी. माझी पहिली २७.५ आली आणि पुढच्या तीन २६.५ च्या आसपास. बायको म्हणाली, पहिल्यांदा तू फोटो काढल्यासारखा उभा होतास. २६.५ धरली.

दुसरं, त्या ड्रॉला वजन किती पडतं ते मोजणे. इथे अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात एक वस्तू असतेच, इंडियाला जायच्या आदल्या रात्री बॅगा उचलून बघायचा डिजिटल लगेज काटा. तो दोरीला बाण लावतो त्या जागी अडकवा, धनुष्य कशाला तरी पक्कं टेकवा, आणि सावकाश तुमच्या खुणेपर्यंत खेचा. धनुष्य पायाखाली वगैरे दाबू नका. सोडायचं पण सावकाश, रिकामी दोरी कधीच सुटता कामा नये, बाणाशिवाय दोरी सुटली की सगळी ताकद लिम्बमध्येच जिरते आणि लिम्ब तडकतात. माझ्या काट्यावर १८.६ किलो आले, म्हणजे ४१ पाउंड. काटा नसेल तर साधारण हिशोब असा की २८ इंचापेक्षा दर इंच कमी-जास्त ड्रॉमागे दोन ते तीन पाउंड कमी-जास्त. दीड इंच कमी, म्हणजे चारेक पाउंड कमी. जुळलं.

म्हणजे मी ४१ पाउंडाचं धनुष्य वापरत होतो आणि बाण आणले होते जवळजवळ पन्नासचे. आणि एवढ्यावरच संपत नाही.

आता त्या ४१ वर दुरुस्त्या करायच्या. स्पाइनच्या वेगवेगळ्या चार्टमध्ये थोडा फरक असतो, पण सुरुवात करायला हे पुरतं. बहुतेक चार्ट २८ इंचाचा बाण आणि १२५ ग्रेनचं (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) टोक धरून चालतात. बाण २८ पेक्षा एक इंच लांब असेल तर पाच पाउंड जास्त ताठ काडी लागते, इंचभर आखूड असेल तर पाच कमी. टोक १२५ च्या वर दर २५ ग्रेनमागे पाच पाउंड वाढवा, हलकं असेल तर तसंच कमी करा. दोरी जुन्या पद्धतीची डॅक्रॉन असेल तर काही करू नका, फास्ट फ्लाइटसारखी न ताणणारी असेल तर पाच वाढवा. (आणि तसली दोरी तुमच्या धनुष्याला चालते का ते आधी बनवणाऱ्याला विचारा, जुन्या धनुष्याची टोकं कापली जातात तिने.) सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाण टेकतो ती जागा हँडलमध्ये किती आत कापलेली आहे. आजकालच्या रिकर्व्हमध्ये ती मध्याच्या बरीच जवळ असते, पण इंग्लिश लाँगबो किंवा एकाच लाकडाचं सेल्फबो असेल तर शेल्फ, म्हणजे बाण टेकायला कापलेली ती जागा, नसतोच, बाणाला अख्ख्या हँडलला वळसा घालावा लागतो, तिथे पाच ते दहा पाउंड कमी स्पाइन लागतो.

माझा हिशोब: ४१, बाण साडेसत्तावीस म्हणून अडीच कमी, टोक १२५ म्हणून शून्य, डॅक्रॉन म्हणून शून्य. साडेअडतीस. काड्या पाच-पाच पाउंडाच्या गटात विकतात, ३५-४०, ४०-४५ अशा, म्हणजे मला ३५-४० चा गट पाहिजे होता. मी दोन गट वर होतो. डझनभर काड्यांचे पैसे आणि एक अख्खा वीकेंड, हात दाखवून अवलक्षण.

बाणाची लांबी कशी मोजायची ते सांगायचं राहिलं. नॉकच्या, म्हणजे बाणाच्या मागच्या, दोरीत अडकणाऱ्या तुकड्याच्या, खाचेच्या तळापासून टोकाच्या मागच्या कडेपर्यंत, टोक सोडून. ड्रॉपेक्षा निदान एक इंच जास्त ठेवा. ड्रॉएवढाच कापला आणि एखाद्या दिवशी जोशात जास्त खेचला गेला तर टोक आत येतं आणि बाण शेल्फवरून पडून तुमच्या हातावर येतो, हे इतकं धोक्याचं आहे की त्यावर जास्त बोलत नाही.

आता लाकूड. मी हिल्सबरोत राहतो, पोर्टलंडच्या शेजारी, आणि बाणांसाठी जगभर नावाजलेलं पोर्ट ऑरफर्ड सीडर हे ह्याच ऑरेगन राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावरचं झाड, नैऋत्य ऑरेगन आणि त्याला लागून कॅलिफोर्नियाचा वरचा तुकडा एवढीच त्याची मूळ जागा. नावात सीडर आहे पण कूळ सायप्रसचं. हलकं, सरळ रेषांचं, आणि छिललं की आल्यासारखा वास येतो. मी गॅरेजमध्ये काड्यांची टोकं निमुळती (टेपर) करत होतो तेव्हा मुलगी आत आली आणि म्हणाली, बाबा चहा केलाय का. मुळं कुजवणारा एक रोग पडल्यामुळे ह्या झाडाचे हाल आहेत, त्यामुळे चांगल्या काड्या महाग पडतात. सिटका स्प्रूस हलका आणि मजबूत, डग्लस फर जड आणि दणकट, पाइन मधला. सुरुवात करताना लाकडाच्या जातीवर डोकं आपटू नका, स्पाइन आणि वजन जुळलेल्या काड्या बघा, जात कुठलीही चालेल.

जाडी तीन प्रकारची मिळते, ५/१६ इंच, ११/३२ आणि २३/६४. कमी वजनाच्या धनुष्याला ५/१६, मधल्या सगळ्यांना ११/३२, आणि जड लाँगबोला २३/६४. टोकं त्याच मापाची मागवा. मी एकदा काड्या ११/३२ आणि टोकं ५/१६ अशी मागवून मोकळा झालोय, पण तो किस्सा परत कधीतरी.

दुकानदाराने गट सांगितला तरी घरी मोजा. स्पाइन टेस्टर विकत महाग मिळतो, पण घरी बनवायला अर्धा तास लागतो आणि माझ्या मते ह्या सगळ्या उद्योगात सगळ्यात जास्त उपयोगाची वस्तू तीच. एका फळीवर दोन खिळे ठोका, बरोबर २६ इंच अंतरावर, म्हणजे ६६ सेंटिमीटर. खिळ्यांवर काडी आडवी ठेवा. काडीच्या बरोबर मधोमध २ पाउंड म्हणजे ९०७ ग्रॅम वजन टांगायचं. मी पाण्याची बाटली घेतली, तारेचा आकडा लावला, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर आकड्यासकट ९०७ ग्रॅम होईपर्यंत पाणी ओतत गेलो, शेवटी चमच्याने. मागे भिंतीवर पट्टी चिकटवा, आधी बिनवजनाची रेघ बघा, मग वजन टांगल्यावर काडी किती मिलिमीटर खाली आली ते बघा. ६६० भागिले ते मिलिमीटर, आला तुमचा स्पाइन. इंचात करणारे २६ भागिले इंच करतात, गणित तेच. डोळा पट्टीच्या समोर ठेवा, वरून बघितलं की आकडा चुकतो.

माझ्या त्या डावीकडे जाणाऱ्या काड्या १३.८ मिलिमीटर वाकत होत्या, म्हणजे जवळजवळ ४८. नवीन गटातल्या साडेसतरा वाकल्या, म्हणजे ३७-३८. दहा पाउंडाचा फरक डोळ्यांनी दिसतो, पौणे चार मिलिमीटर. एवढासाच, पण तेवढ्यात बाण टार्गेट सोडून जातो.

मोजताना काडी कशी धरायची ते महत्त्वाचं. काडीच्या टोकाकडे बघा, झाडाच्या वर्षांच्या रेघा दिसतील, वहीच्या पानांसारख्या एकावर एक. काडीच्या दोन बाजूंना ह्या पानांच्या कडा दिसतात, बारीक समांतर रेघा, आणि बाकीच्या दोन बाजूंना लाकडाचा चपटा भाग दिसतो, त्यावर ज्वाळेसारखी टोकदार नक्षी. समांतर रेघांची बाजू ताठ, धनुष्याला तीच टेकणार, म्हणून टेस्टरवर पण तीच बाजू वर ठेवून मोजायची. मोजून झालं की त्याच बाजूला पेन्सिलने आकडा लिहून टाका, नाहीतर बारा काड्या टेबलावर लोळल्या की कोण कोण ते कळत नाही, मला स्वतःला कळलं नव्हतं आणि सगळ्या परत मोजल्या.

मग वजन. बाणाची दुनिया ग्रेनमध्ये चालते, १ ग्रॅम म्हणजे १५.४ ग्रेन. दागिने मोजायचा असतो तसा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. तयार बाणाचं एकूण वजन तुमच्या ड्रॉ वेटच्या (काट्यावर आलेल्या आकड्याच्या) दर पाउंडामागे ८ ते १० ग्रेन पडेल असं बघा, पूर्ण लाकडी धनुष्याला १० च्या खाली मी तरी जात नाही. फार हलका बाण म्हणजे रिकामी दोरी सोडल्याचाच भाऊ. माझा हिशोब असा: पूर्ण काडी ३४० ग्रेनची, ३२ इंचातून साडेसत्तावीस उरली म्हणजे साधारण २९०, टोक १२५, नॉक, पिसं, डिंक, पॉलिश मिळून तीसेक, म्हणजे ४४५, म्हणजे २९ ग्रॅमच्या जवळ. भागिले ४१, पावणेअकरा. थोडा जड, हळू जातो, पण धनुष्य शांत राहतं, आवाज करत नाही, मला असंच आवडतं. लांब अंतरावर मारणाऱ्यांना कदाचित नाही आवडणार. डझनातल्या काड्या एकमेकींच्या दहा ग्रेनच्या आत असल्या की पुरे, त्यापेक्षा काटेकोर व्हायचं तर आधी आपले बाण टार्गेटवर तेवढे जवळजवळ लागतात का ते बघा.

आता खरी गोष्ट. डझन घेऊ नका! चार-पाच काड्या घ्या, दोन हिशोबातल्या गटाच्या, एक-दोन त्याच्या खालच्या, एक वरची. काही दुकानं असा टेस्ट किट पण विकतात. आणि कापू नका. पूर्ण ३२ इंचाच्या ठेवा, एका बाजूला टोक बसवा, दुसरीकडे नॉक, पिसं लावू नका, त्याऐवजी पिसांच्या वजनाएवढी टेप मागे गुंडाळा.

टेस्ट करायच्या आधी धनुष्य ठरवून घ्या. ब्रेस हाइट, म्हणजे दोरी आणि हँडलच्या खोलगट भागातलं अंतर, रिकर्व्हला साधारण साडेसात-आठ इंच, लाँगबोला सहा-सात, बनवणाऱ्याने दिलं असेल ते धरा, आणि वहीत लिहा. दोरीला पीळ वाढवला की ब्रेस हाइट वाढते, आणि ती बदलली की बाण पण बदलतो, त्यामुळे टेस्टच्या मध्येच पीळ देत बसलात तर कशामुळे काय झालं ते देवालाही कळणार नाही. दोरीवरची नॉकिंग पॉइंटची, म्हणजे बाण लावायच्या जागेची, खूण शेल्फच्या काटकोनापेक्षा अर्धा इंच वर. ती खाली असली की बाण शेल्फवर आपटून उसळतो आणि सगळी टेस्ट खोटी येते.

आठ-दहा पावलांवरून मऊ टार्गेटवर मारा. लांबून नाही, पिसं नसलेला लाकडी बाण तिरका लागला तर मोडतो, आणि लाकडी बाणाच्या बाबतीत बेअर शाफ्टचा, म्हणजे बिनपिसांच्या बाणाचा, हा धोका बघून काही जुने लोक ही टेस्ट करतच नाहीत, सरळ पिसं लावून मारतात. मी करतो, पण जवळून. तुमचा नेहमीचा पिसांचा बाण आणि बिनपिसांचा, दोन्ही आलटून पालटून मारा. बिनपिसांचा डावीकडे गेला तर ताठ, उजवीकडे गेला तर लवचिक. एका बाणावर निकाल देऊ नका, पाच-सहा वेळा एकच गोष्ट दिसली तर खरं माना, कारण दोरी सोडताना हात (रिलीज) चुकला की कुठलाही बाण कुठेही जातो.

एक फसवणूक सांगून ठेवतो. बाण सुटताना धनुष्यावर आपटत असेल तर निकाल उलटा पण दिसू शकतो, ताठ बाण शेपटीने हँडलवर आपटून उसळी घेतो आणि लवचिक असल्यासारखा वाटतो. आवाज ऐका. शंका असेल तर हँडलच्या त्या बाजूला थोडी टाल्कम पावडर लावा, एक बाण मारा, पावडर पुसली गेली का बघा. शेपटीकडच्या लाकडावर पावडर आली तर आपटतोय.

पूर्ण लांबीला बाण साहजिकच लवचिक निघेल, उजवीकडे जाईल, तसाच जायला हवा. मग पाव-पाव इंच कापत या. नॉकच्या बाजूने नाही, टोकाच्या बाजूने, टोक गरम करून काढायचं, कापायचं, टेपर करायचं, परत बसवायचं, कंटाळवाणं काम आहे पण ह्याला पर्याय नाही. जसा आखूड होईल तसा ताठ होत मध्याकडे सरकेल. जवळ आला की थांबा, अगदी मध्यावर आणायच्या थोडं आधीच, कारण उरलेलं पिसं सांभाळून घेतात. अशी एक काडी जुळली की तिचा स्पाइन, लांबी, टोक लिहून घ्या आणि तेव्हा कुठे डझन मागवा.

आधीच कापून बसलेल्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी, काय उरतं? ताठ बाणाला जड टोक लावा, १२५ च्या जागी १६० किंवा १७५, बराच फरक पडतो. हँडलला बाण टेकतो तिथली चामड्याची किंवा वेल्क्रोची पट्टी पातळ करा. काडी मधल्या भागात बारीक सँडपेपरने घासून पातळ करता येते, पण टेस्टरवर दर दोन मिनिटांनी मोजत, आणि लाकूड सगळीकडून सारखं घासत. लवचिक बाणाला उलट: हलकं टोक, थोडं आखूड, आणि पट्टीच्या मागे टूथपिक किंवा चामड्याचा तुकडा सरकवून बाण मध्यापासून थोडा बाहेर आणायचा. मी १७५ ची टोकं लावली, बाण सुधारले, पण एवढे जड झाले की वीस पावलांनंतर दगडासारखे खाली येत होते. शेवटी मुलीच्या मित्राच्या वडिलांना देऊन टाकले, त्यांचं धनुष्य ५० चं आहे, त्यांना अगदी फिट बसले.

डझन बनवताना नॉकची खाच वर्षांच्या रेघांना काटकोनात आली पाहिजे, म्हणजे धनुष्य उभं धरल्यावर समांतर रेघांची ताठ बाजू हँडलला टेकेल. आणि ती ज्वाळेसारखी नक्षी बाणाच्या वरच्या बाजूला येते, तिची टोकं टार्गेटकडे असू देत, आपल्याकडे नाही. काडी कधी त्या रेघेवर फाटली तर फाटलेला तुकडा हातापासून वर आणि दूर जातो. ही दोन मिनिटांची गोष्ट आहे आणि हाताच्या तळव्याची आहे.

टेपर करायला पेन्सिलच्या शार्पनरसारखं साधन मिळतं, टोकाला ५ अंश आणि नॉकला ११ अंश, भोकं वेगळी असतात. टोक हॉट मेल्ट डिंकाने बसवा म्हणजे परत गरम करून काढता येतं. काडी वाकडी असेल तर तळहाताने हळू दाबून, थोडी ऊब देऊन सरळ होते. पिसं लावायच्या आधी दोन-तीन हात पॉलियुरेथेन द्या, इथे ऑरेगनमध्ये तर वर्षातून आठ-नऊ महिने पाऊस, उघडं लाकूड ओल पितं आणि ओल पिलं की वजन आणि स्पाइन दोन्ही बदलतात, मग वर लिहिलेलं सगळं गणित वाया. पिसं टर्कीची, तीन, सगळी एकाच पंखाची, म्हणजे तिन्ही डाव्या किंवा तिन्ही उजव्या, मिसळली तर बाणाला कळत नाही कुठे फिरायचं. वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला. ह्यावर आणखी लिहिण्यासारखं बरंच आहे पण पिसांनी स्पाइनची चूक झाकता येते, सुधारता येत नाही, म्हणून इथे पुरे.

महाराष्ट्रात बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड (भारतातला बांबूच्या धनुष्याचा स्पर्धाप्रकार) खेळणाऱ्या मुलांना हेच सगळं लागू आहे, फक्त बांबूच्या काडीचा ताठपणा चारही बाजूंना सारखा नसतो, पेरं असतात म्हणून. टेस्टरवर फिरवून फिरवून मोजा, सगळ्यात ताठ बाजूला खूण करा आणि ती धनुष्याकडे ठेवा. पोकळ टोकात लाकडाची खुंटी ठोकून चिकटवा, आणि नॉकच्या खाचेखाली दोरा घट्ट गुंडाळा, नाहीतर खाच फाटते. बांबूला जाड टोक पुढे, बारीक मागे.

वापरताना प्रत्येक बाण मारायच्या आधी दोन्ही हातांनी थोडा वाकवा, कानाजवळ धरून. चरचर आली किंवा बोटाला उभी चीर लागली की तो बाण गेला, तिथल्या तिथे मोडून टाका, परत भात्यात ठेवलात तर पुढच्या वेळी विसरून मारला जाईल. टार्गेटमध्ये एका बाणाने दुसऱ्याला ठोकलं असेल तर दोन्ही तपासा.

आणि एक वही करा. माझ्या धनुष्याच्या पिशवीत टेपवर लिहून चिकटवलंय: ड्रॉ २६.५, वजन ४१, ब्रेस साडेसात, स्पाइन ३७-३९, लांबी २७.५, टोक १२५, एकूण ४४५. खंडेनवमीला पूजेला धनुष्य काढलं तेव्हा ती चिठ्ठी पण पाटावर आली, हळद-कुंकू लागलंय तिला, आकडे अजून वाचता येतात. पुढचा डझन मागवताना डोकं लावायला नको. बाण मात्र पूजा झाल्यावर परत आडवे ठेवा किंवा टांगा, देवघराच्या कोपऱ्यात भिंतीला तिरके टेकवून ठेवलेले आमचे चार बाण दिवाळीपर्यंत केळ्यासारखे झाले होते.